आकाशाचे संगीत आणि चित्रप्रकारांचा उगम

चित्रपटाच्या इतिहासावरील बहुतेक ग्रंथांत चित्रप्रकारांची जन्मकथा एकाच ठरीव साच्याने सांगितली जाते. ल्युमिएर बंधूंनी कॅमेरा रस्त्यावर आणला आणि वास्तवपट जन्मास आला. जॉर्ज मेलिए याने तोच रंगमंचासमोर मांडला आणि अद्भुतपट जन्मास आला. पुढे जे जे प्रकार रूढ झाले ते सारे या दोन घराण्यांचे वंशज. ही मांडणी सुटसुटीत आहे, शिकविण्यास सोयीची आहे. परंतु एखादा एकच विषय हाती धरून त्याचा माग जुन्या दफ्तरांतून धिमेपणाने काढीत गेले म्हणजे तिचे सांधे निखळू लागतात, आणि असा माग काढण्यास आकाशाइतका समर्थ विषय दुसरा मिळावयाचा नाही. अंधारात एकत्र बसावे, प्रकाशमान वस्तूंच्या गतीकडे एकटक पाहावे, शेजारी उभ्या असलेल्या जाणत्याचे निरूपण ऐकावे आणि त्याला वाद्यांची साथ असावी, ही रीत चित्रपटाने प्रथम घालून दिलेली नाही. चित्रपटापूर्वी शंभर वर्षांहून अधिक काळ ती खगोलदर्शनाच्या प्रयोगांत रुजलेली होती. आकाश पाहण्यासाठी रचलेले, वाजविलेले किंवा नुसते कल्पिलेले संगीत आणि आरंभीच्या चित्रपटांचे प्रकार यांचा परस्परसंबंध काय, हा प्रस्तुत आढाव्याचा प्रश्न आहे. त्याचे माझे उत्तर आधीच नमूद करून ठेवतो: हे प्रकार ठरविण्याचा अधिकार कॅमेऱ्याकडे फारसा नव्हताच, पडद्यापाशी कोण बोलत होते आणि काय वाजत होते, यावरून ते ठरले.

ग्रहगोलांच्या गतीतून संगीत उत्पन्न होते ही कल्पना पायथागोरसाच्या संप्रदायाच्या नावे मांडली जाते. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या अखेरीस आठ फिरत्या वलयांवर एकेक गायिका बसवून प्रत्येकीच्या कंठात एकच स्वर ठेवला, आणि सहाव्या शतकात बोएथियसने संगीताचे तीन भाग पाडताना पहिला मान या विश्वसंगीतालाच दिला. पण या कल्पनेचा अखेरचा आणि सर्वांत विलक्षण आविष्कार योहानेस केप्लरच्या १६१९ सालच्या ‘हार्मोनिकेस मुंडी’ या ग्रंथात आहे. सूर्यावरून पाहिले असता प्रत्येक ग्रहाची किमान आणि कमाल कोनीय गती किती, हे काढून त्या दोहोंच्या गुणोत्तरास त्याने स्वरांतर मानले. शनीचे गुणोत्तर चारास पाच, म्हणजे आपल्या परिभाषेत षड्जापासून शुद्ध गंधारापर्यंतचा पल्ला. पृथ्वीचे पंधरास सोळा, म्हणजे गंधारावरून मध्यमावर जाऊन पुन्हा गंधारावर उतरण्याइतकी लहानशी हालचाल. शुक्राची कक्षा जवळजवळ वर्तुळाकार, म्हणून तो एकाच स्वरावर स्थिरावलेला. आणि बुध सर्वांत मोठ्या पल्ल्याचा गवई. हे संगीत कानांनी ऐकावयाचे नसून बुद्धीने जाणावयाचे आहे, असे केप्लर मानीत असे. याच ग्रंथात ग्रहांचे भ्रमणकाल आणि सूर्यापासूनची अंतरे यांचा संबंध सांगणारा त्याचा तिसरा नियम आहे, ही गोष्ट विसरता कामा नये. ज्या शोधावर पुढे न्यूटनचे गणित उभे राहिले तो स्वरांचा हिशेब मांडता मांडता लागला होता.

आपल्याकडे हा संबंध निराळ्या वाटेने आला. हिंदुस्थानी संगीतपद्धतीने ग्रहांच्या कक्षांवर स्वर बसविले नाहीत, पण कोणता राग केव्हा गावा याचा निवाडा सूर्याच्या हाती दिला. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी जी समयव्यवस्था ग्रंथबद्ध केली तीत उदयास्ताच्या संधिकाली गावयाच्या रागांचा वर्गच वेगळा आहे. केप्लरचे संगीत ऐकण्यासाठी आकाश गणितात उतरवावे लागते. आपल्या गवयाला दिवेलागण झाली एवढे कळले तरी पुरते. याखेरीज लोकव्यवहारात ग्रहणाचा म्हणून एक आवाज असे: घरोघर चाललेला जप, देवळातील घंटा, आणि ग्रहण सुटू लागले की रस्त्यारस्त्यांतून उठणारी ‘दे दान, सुटे गिराण’ ही हाक. याला संगीत म्हणावे की नाही, यावर वाद होईल; परंतु आकाशातील घटना नि:शब्दपणे पाहावयाची नसते, तिला ध्वनीची जोड द्यावयाची असते, ही समजूत किती खोलवर गेलेली होती याचा तो निर्विवाद दाखला आहे.

संगीत आणि खगोल या दोन्ही विद्या एकाच देहात नांदल्याचे उदाहरण म्हणजे विल्यम हर्शेल. १७३८ साली हॅनोव्हर येथे जन्मलेला हा लष्करी बँडमधील ओबोवादक इंग्लंडात आला, बाथ शहरातील ऑक्टॅगन चॅपेलचा ऑर्गनवादक झाला, त्याने चोवीस सिंफनी लिहिल्या, आणि रॉबर्ट स्मिथच्या स्वरशास्त्रावरील ग्रंथाच्या ओढीने त्याच लेखकाच्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथापर्यंत जाऊन पोचला. त्याची बहीण कॅरोलिन हँडेलच्या ऑरेटोरिओंतून प्रमुख गायिका म्हणून गात असे. दुर्बिणीचा आरसा घासावयास तो एकदा बसला की हात उचलावयाचा नाही, सबब कॅरोलिन त्याला घास भरवीत असे. एका आरशाच्या वेळी हे काम सलग सोळा तास चालल्याचे तिने लिहून ठेवले आहे. १३ मार्च १७८१ च्या रात्री आपल्या घरामागील बागेतून त्याने युरेनस पाहिला, राजाने सालीना दोनशे पौंडांची नेमणूक करून दिली, आणि त्याची संगीतातील कारकीर्द संपली. कॅरोलिनने पुढे स्वतंत्रपणे आठ धूमकेतू शोधले.

युरेनसच्या शोधाच्या चारच वर्षे आधी, १७७७ साली, एस्टरहाझा येथील राजवाड्यात योसेफ हायडनचा ‘इल मोंदो देला लूना’ हा ऑपेरा झाला. गोल्दोनीच्या मूळ संहितेवर रचलेल्या या नाटकात एक तोतया ज्योतिषी एका भोळ्या गृहस्थाला दुर्बिणीतून चंद्रावरील व्यवहार दाखवितो. वस्तुत: दुर्बिणीच्या पलीकडे यंत्राने हालणारी चित्रे ठेविलेली असतात. तो गृहस्थ नळीला डोळा लावतो, वाद्यवृंद एक लहानसा तुकडा वाजवितो, आणि मग आपण काय पाहिले ते तो हर्षभराने गाऊन सांगतो. असे तीन वेळा घडते. अंधाऱ्या नळीच्या टोकाशी दिसणारी हालती चित्रे, ती पाहताना वाजणारे संगीत आणि पाहणाऱ्याचा संपूर्ण विश्वास, हे तिन्ही घटक ल्युमिएर बंधूंच्या पहिल्या जाहीर खेळाच्या ११८ वर्षे आधी रंगभूमीवर एकत्र आले होते, आणि त्यांचा विषय आकाश होता. चित्रपटाच्या पूर्वजांची यादी करताना इतिहासकार सावल्यांच्या खेळापासून फिरत्या चकत्यांपर्यंत सर्व काही मोजतात. या ऑपेराचे नाव मात्र क्वचितच घेतात. ही उणीव मला मोठी वाटते.

ऑपेरातील फसवणुकीचे प्रामाणिक रूप लंडनमध्ये पुढील दहा वर्षांच्या आत उभे राहिले. ॲडम वॉकर या विज्ञानव्याख्यात्याने ‘आयडोरॅनियन’ नावाचे एक पारदर्शक खगोलयंत्र तयार केले. अंधाऱ्या नाट्यगृहात रंगमंच व्यापून टाकणारे हे यंत्र सूर्याभोवती ग्रह, ग्रहांभोवती चंद्र आपापल्या गतीने फिरवून दाखवी. वॉकर व त्याच्यामागून त्याचे मुलगे त्याचे विवरण करीत. आणि विवरणाच्या मधल्या विरामांत ‘सेलेस्टिना’ हे वाद्य वाजे. या वाद्याचे पेटंट वॉकरने स्वत:च १७७२ साली घेतले होते. तारांवर रेशमी धागा घासून त्यातून अखंड, न तुटणारा स्वर काढण्याची त्याची रचना होती. अखंड गतीच्या दृश्याला अखंड नाद, ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. १७९८ पासून पॅरिसमध्ये एतिएन-गास्पार रोबेर, ऊर्फ रॉबर्टसन, याने भुताखेतांच्या प्रतिमा धुरावर आणि पडद्यावर पाडून ‘फँटास्मागोरी’चे खेळ चालविले तेव्हा त्यानेही काचेच्या हार्मोनिकाचा तसाच दीर्घ, कंपायमान स्वर वापरला. साधने जवळजवळ तीच: अंधार, मागून येणारा प्रकाश, अखंड सूर. परंतु एका ठिकाणी निरूपण ग्रहगतीचे होते म्हणून प्रेक्षक ज्ञान घेऊन बाहेर पडला, आणि दुसऱ्या ठिकाणी मृतात्म्यांचे होते म्हणून तो थरथरत बाहेर पडला. प्रकार वेगळे झाले ते येथे.

पुढे एकोणिसाव्या शतकात जादूच्या दिव्याने ही दोन्ही कामे घरोघर आणि गावोगाव नेली. दाते असलेल्या चक्रांच्या काचपट्ट्या फिरवून ग्रहणे, धूमकेतू, चंद्राच्या कला दाखविणाऱ्या खगोलपट्ट्यांचे संच शाळांत आणि सभागृहांत चालत. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जे खेळ केले त्यांत पुराणकथांची रंगवलेली चित्रे एकापुढे एक सरकवून ती हालल्याचा भास निर्माण केला जाई, आणि जोडीला निवेदन, संवाद व गाणी असत. पौराणिक चित्रपटाचा आराखडा त्याच्या वीस वर्षे आधीच कल्याणात तयार होता, असे मी बिनदिक्कत म्हणेन.

आता दुसऱ्या शाखेकडे, म्हणजे वेधशाळेकडे वळू. पिएर जूल सेझार जान्सेन हा फ्रेंच ज्योतिर्विद १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणासाठी मद्रास इलाख्यातील गुंटूर येथे आला होता, आणि सूर्यावरील ज्वाळा ग्रहणाखेरीजही वर्णपटदर्शकातून पाहता येतात हे त्याने तेथे सिद्ध केले. हाच जान्सेन १८७४ च्या डिसेंबरात शुक्राच्या अधिक्रमणासाठी जपानात नागासाकीस गेला. शुक्राचा काळा ठिपका सूर्यबिंबाच्या कडेला नेमका केव्हा शिवतो हे डोळ्यांनी ठरविणे अवघड, कारण कडेपाशी तो ओघळून चिकटल्यासारखा दिसतो. तेव्हा क्षणाक्षणाची छायाचित्रे एकामागून एक घ्यावीत आणि निवांतपणे तपासावीत, अशी तजवीज त्याने केली. त्याच्या ‘छायाचित्र-रिव्हॉल्व्हर’ यंत्रातील गोल तबकडीवर बहात्तर सेकंदांत अठ्ठेचाळीस चित्रे उमटत. या यंत्राच्या प्रेरणेने एतिएन-जूल मारे याने १८८२ साली सेकंदाला बारा चित्रे टिपणारी बंदूक बनविली आणि उडत्या पक्ष्यांच्या पंखांची गती उलगडली. मारेपासून चलच्चित्राच्या कॅमेऱ्यापर्यंतचे अंतर थोडे आहे. जून १८९५ मध्ये ल्यों येथील छायाचित्रकारांच्या परिषदेच्या वेळी ल्युमिएर यांनी वयोवृद्ध जान्सेनला संभाषण करताना चित्रित केले. म्हणजे चलच्चित्राच्या अगदी पहिल्या पात्रांत एक ज्योतिर्विद आहे, आणि तो तेथे पाहुणा म्हणून आलेला नव्हता. त्या यंत्राच्या वंशावळीत त्याचे स्वत:चे नाव होते.

या शाखेचा आपल्या मुलखाशी आलेला संबंध २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा. त्या दिवशी चंद्राची छाया रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून देशावर चढली. विजयदुर्गाच्या किल्ल्यात नॉर्मन लॉकियर आपली यंत्रे मांडून बसला होता आणि ‘मेलपोमिनी’ या आरमारी जहाजावरील खलाशी त्याच्या हाताखाली होते. सोलापूर जिल्ह्यात जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नेगमवाला यांचा तळ पडला होता, आणि तेथेच अमेरिकेतील लिक वेधशाळेचा विल्यम कँपबेलही होता. वऱ्हाडात तळणी येथे ॲनी माँडर हिने स्वत: योजिलेल्या कॅमेऱ्याने सूर्यकिरीटाचा एक असामान्य लांबीचा झोत टिपला. विजयदुर्गाच्या किल्ल्यात लॉकियरच्या यंत्रांसाठी बांधलेल्या ‘साहेबाच्या ओट्यां’ची कथा सांगताना आपल्याकडे सर्रास १८६८ साल देण्यात येते, ते दुरुस्त केले पाहिजे, कारण त्या वर्षी लॉकियर इंग्लंडात होता आणि विजयदुर्गाचे वेध १८९८ चे आहेत. त्याच ग्रहणासाठी बिहारमधील बक्सर येथे गेलेल्या इंग्रज पथकात नेव्हिल मॅस्केलिन हा लंडनचा जादूगार होता. दुर्बिणीला जोडता येईल असा चलच्चित्र-कॅमेरा त्याने बरोबर आणला होता आणि त्याने ग्रहण चित्रित केलेही. पण परतीच्या प्रवासात ती फिल्म चोरीस गेली. दोन वर्षांनी, २८ मे १९०० रोजी, उत्तर कॅरोलिनातील वेड्सबरो येथे त्याने पुन्हा प्रयत्न केला आणि तो सफल झाला. सुमारे एक मिनिटाची ती फिल्म लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या संग्रहात होती, आणि २०१९ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने तिचे पुनरुज्जीवन केले. काळे बिंब, त्याभोवतीचा शुभ्र किरीट, मग कडेला फुटणारा प्रकाशाचा एक हिरा, एवढाच तिचा मजकूर.

वेधशाळेतील यंत्र जादूगाराच्या हाती कसे गेले, हा प्रश्न येथे साहजिक उभा राहतो, आणि त्याचे उत्तर लंडनच्या ‘इजिप्शियन हॉल’ या नाट्यगृहात आहे. ते मॅस्केलिन घराण्याच्या जादूच्या प्रयोगांचे माहेर. नेव्हिलचे वडील जॉन नेव्हिल मॅस्केलिन आपली कुळी अठराव्या शतकातील त्याच नावाच्या राजज्योतिषापर्यंत पोचवीत. १८८४ साली लंडनमध्ये राहिलेला एक तरुण फ्रेंच माणूस याच नाट्यगृहात जादूची दीक्षा घेऊन परतला, आणि १८८८ साली त्याने पॅरिसमधील रॉबेर-उदँ हे जादूचे नाट्यगृह विकत घेतले. तो जॉर्ज मेलिए. ल्युमिएर यांनी आपले यंत्र विकण्यास नकार दिला तेव्हा त्याने लंडनच्या रॉबर्ट पॉलकडून प्रक्षेपक विकत घेतला. ज्या रंगमंचाच्या परंपरेतून ग्रहणाचा निव्वळ वस्तुनिष्ठ चित्रपट निघाला, तिच्यातूनच चंद्राच्या डोळ्यात तोफगोळा घुसविणारा चित्रपटही निघाला. वास्तव आणि अद्भुत ही दोन घराणी नव्हती. ती एका घरातील दोन खोल्या होत्या.

मेलिएच्या आकाशपटांची घडण पाहिली म्हणजे संगीताचे काम स्पष्ट होते. त्याचा १८९८ चा ‘एक मीटरवरचा चंद्र’ हा चित्रपट त्याच्याच नाट्यगृहातील १८९१ च्या एका जादूच्या प्रवेशावरून उतरलेला आहे. १९०२ च्या ‘चंद्रावरील सफर’ या चित्रपटाचे श्रेय सामान्यत: झ्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स या दोन कादंबरीकारांना दिले जाते. ते अंशत: खरे आहे. परंतु झाक ऑफेनबाख याचा याच नावाचा संगीतमय खेळ १८७५ साली पॅरिसच्या गेते रंगमंदिरात झाला होता, आणि चित्रपटाचा सांगाडा कादंबऱ्यांपेक्षा त्या खेळाशी अधिक जुळतो. हा खेळ ‘फेएरी’ या फ्रेंच नाट्यप्रकारातला: यांत्रिक दृश्यबदल, क्षणात पालटणारे देखावे, नृत्यपथके, आणि अखेरीस सर्व पात्रांचा भव्य गौरवप्रवेश. मेलिएच्या चित्रपटात टोकदार टोप्या घातलेल्या ज्योतिष्यांच्या हातांतील दुर्बिणी एका क्षणात बसावयाच्या तिवया होतात. चंद्रावर ते निजले असता आकाशात सप्तर्षी उगवतात आणि प्रत्येक ताऱ्यात एका स्त्रीचा चेहरा असतो, शनी आपल्या गोलाच्या खिडकीतून डोकावतो, चंद्रकोरीवर देवता बसलेली असते. या तारका म्हणजे शातले रंगमंदिराच्या नर्तकी आणि चंद्रावरील रहिवासी म्हणजे फोली-बेर्जेरचे कसरतपटू. हे सारे देखावे नृत्याच्या तालावर बेतलेले आहेत. मुकेपणाने पाहिले तर ते तुटक आणि बालिश भासतात, आणि पियानोच्या साथीत, निवेदकाच्या तोंडून कथा ऐकत पाहिले म्हणजे त्यांची लय ध्यानात येते. या चित्रपटाला एकच एक ठरलेले संगीत नव्हते, ज्या त्या ठिकाणचा वादक आपल्या समजुतीने वाजवी. १९९३ मध्ये बार्सिलोनात सापडलेली रंगीत प्रत २०११ साली दुरुस्त करून दाखविण्यात आली तेव्हा तिला ‘एअर’ या फ्रेंच वादकद्वयाचे नवे संगीत दिले गेले.

१९०७ साली मेलिएने चलच्चित्रांवर एक लेख लिहिला आणि त्यांचे चार वर्ग केले: उघड्या हवेत टिपलेली दृश्ये, वैज्ञानिक दृश्ये, रचलेले विषय, आणि रूपांतरांची दृश्ये. एका कर्त्या चित्रपटकाराने आपल्या धंद्याची केलेली ही वर्गवारी अव्वल दर्जाचा दस्तऐवज आहे. पाथेच्या विक्रीसूचीतही चित्रपटांचे असेच वर्ग पाडलेले असत, आणि त्यांत फेएरी व नृत्ये यांना स्वतंत्र स्थान होते. म्हणजे खेळवाल्याला माल निवडताना कामास येईल अशी ती विभागणी होती. रंगमंचावर आणि जत्रेत जे चालत आले होते त्याच्याच नावांनी नव्या वस्तूचे खाते उघडले गेले. त्याच वर्षी मेलिएने सूर्य आणि चंद्र यांच्या ग्रहणाला प्रणयप्रसंगाचे रूप देणारा चित्रपट काढला. मॅस्केलिनचे वेड्सबरोचे ग्रहण आणि हे ग्रहण यांत अवघ्या सात वर्षांचे अंतर आहे, विषय एकच आहे, आणि तरीही एकाला व्याख्यानाखेरीज व दुसऱ्याला संगीताखेरीज अर्थ नाही.

चित्राच्या जातीप्रमाणे साथ करण्याची ही मामूल रीत पुढे लेखी नियमांत आली. १९०८ साली कामीय सँ-सान्स याने ‘ड्यूक द गीझचा खून’ या चित्रपटासाठी खास संगीत लिहिले; १९०९ पासून एडिसन कंपनी आपल्या चित्रपटांसोबत कोणत्या प्रसंगी काय वाजवावे याच्या सूचना प्रसिद्ध करू लागली; १९१३ साली अमेरिकेत जॉन झॅमेक्निकचे तयार तुकड्यांचे पुस्तक निघाले; १९१९ पासून बर्लिनमध्ये जुझेप्पे बेच्चेने ‘किनोथेक’ ही मालिका आणली. पाठलाग, वादळ, प्रणय, विलाप, अशा वर्गांखाली सुरावटी मांडून ठेवलेल्या, आणि पियानोवाल्याने पडद्याकडे पाहून पान उलटावयाचे. प्रेक्षकाला आपण कोणत्या जातीचा चित्रपट पाहात आहोत हे पहिल्या काही क्षणांत कळू लागले ते या पानांमुळे. चित्रप्रकारांच्या इतिहासात या पुस्तकांना तळटीपेची जागा मिळते. त्यांना प्रकरण मिळाले पाहिजे.

महाराष्ट्रातही हाच क्रम दिसतो. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर यांची चित्रे दाखविली गेली. धुंडिराज गोविंद फाळके हे चित्रकला, छायाचित्रण आणि मुद्रण यांत मुरलेले तर होतेच, पण ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करणारेही होते. मेलिएशी त्यांचे साधर्म्य येथपासून सुरू होते. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी पहिल्याप्रथम जे चित्रण केले ते देवादिकांचे नव्हते: कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचे रोप कसे वाढते, हे ठरावीक अंतराने एकेक चित्र टिपून त्यांनी दाखविले. पद्धतीच्या दृष्टीने हे जान्सेनचेच काम. जी गती डोळ्यांना पकडता येत नाही ती कालाचे तुकडे करून पकडावयाची. त्या वाटाण्याच्या वेलाने भांडवल मिळवून दिले, आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लोकांपुढे आला. वैज्ञानिक दृश्यापासून पौराणिकपटापर्यंतचा हा पल्ला एकाच माणसाने एका वर्षाच्या आसपास काटला, कारण पौराणिकपटाची भाषा नव्याने घडवावयाची नव्हती. विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ १८४३ चे, अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० चे. प्रेक्षकांचे कान त्या रंगभूमीवर तयार झालेले होते. मूकपटाच्या पडद्याखाली पेटी आणि तबला वाजू लागला की ‘लंकादहना’त आकाशमार्गे जाणारा मारुती हा यांत्रिक करामतीचा नमुना न राहता मारुतीच होत असे. बोलपट आल्यावर ‘अयोध्येचा राजा’साठी १९३२ साली प्रभातने गोविंदराव टेंब्यांना बोलाविले, आणि १९३६ च्या ‘संत तुकारामा’त केशवराव भोळ्यांच्या संगीतात विमान वैकुंठाला गेले. व्योमयात्रेचे याहून उत्कट दृश्य त्या दशकातील कोणत्याही देशाच्या चित्रपटात मला आढळत नाही. युरोपात जो विषय विज्ञानकथेच्या खात्यावर जमा झाला तो आपल्याकडे भक्तीच्या खात्यावर जमा झाला, आणि हा फरक घडविला तो टाळ-मृदंगाने.

युरोप-अमेरिकेतील पुढची कथा थोडक्यात सांगता येते. १९१८ साली लंडनमध्ये गुस्ताव होल्स्टची ‘द प्लॅनेट्स’ ही सात ग्रहांची रचना प्रथम वाजली. होल्स्ट संस्कृत शिकलेला, ऋग्वेदातील सूक्तांना आणि सावित्रीच्या आख्यानाला स्वर देणारा. त्याचे ग्रह फलज्योतिषातले आहेत, वेधशाळेतले नाहीत, आणि पृथ्वी त्यांत नाही. तरीही मंगळाचा पाच मात्रांचा युद्धनाद आणि नेपच्यूनच्या अखेरीस पडद्याआडून विरत जाणारा स्त्रियांचा स्वर यांनी अवकाशाच्या चित्रपटांना दोन कायमचे सूर पुरविले. फ्रिट्झ लांगच्या १९२९ च्या ‘चंद्रावरील स्त्री’ या मूकपटाला हेर्मान ओबेर्टसारख्या अग्निबाणतज्ज्ञाचा सल्ला लाभला. १९५१ मध्ये बर्नार्ड हेरमानने थेरेमिन वाद्याचा उपयोग करून परग्रहवासीयाला आवाज दिला. १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’मध्ये लुई आणि बीबी बॅरन यांनी संपूर्ण विद्युत्-संगीत दिले. १९६८ साली स्टॅन्ली कुब्रिकने ॲलेक्स नॉर्थकडून करवून घेतलेले संगीत बाजूस सारले आणि ‘२००१’ साठी रिशार्ड स्ट्राउस, योहान स्ट्राउस व लिगेटी यांच्या तयार रचना योजल्या. मला या निर्णयात मूकपटाच्या पियानोवाल्याची जुनी पद्धतच दिसते: तयार पान उचलावयाचे आणि दृश्यावर ठेवावयाचे. अवकाशयान आणि व्हिएन्नाचे नृत्यसंगीत यांचा मेळ नवा वाटला, पण १९०२ साली तारकांच्या जागी नर्तकी उभ्या करणाऱ्याला तो नवा वाटला नसता.

व्याख्यान आणि संगीत यांची फारकत ज्या एका ठिकाणी पुन्हा मिटली ते म्हणजे तारांगण. त्सायस कारखान्याचा पहिला प्रक्षेपक म्युनिकमध्ये १९२३ साली दाखविण्यात आला, आणि वॉकरच्या आयडोरॅनियनचे काम घुमटाखाली पुन्हा सुरू झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉरिसन तारांगणात १९५७ पासून हेन्री जेकब्ज आणि जॉर्डन बेल्सन यांनी ‘व्होर्टेक्स’ या नावाने घुमटाभोवती फिरणाऱ्या ध्वनीचे प्रयोग केले. आपल्याकडे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली, आणि मुंबईत वरळीस नेहरू तारांगण १९७७ साली उघडले. याच १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर पाठविलेल्या तबकडीत गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी समाविष्ट झाली. आजच्या तारांगणांतील संगीताविषयी मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. ताऱ्यांचा उदय झाला की मोठा तारवाद्यवृंद, कृष्णविवर आले की खर्जातला घुमारा, असा सरधोपट हिशेब चालतो. प्रेक्षकाला विस्मय वाटावा एवढाच त्याचा हेतू असतो, आणि विवरणाला तो मागे रेटतो. ज्या पद्धतीत संध्याकाळच्या आकाशाला मारवा किंवा पूरिया उपलब्ध आहे, त्या मुलखातील घुमटाखाली परदेशी साठ्यातील तुकडे वाजावेत, हे खेदाचे आहे.

चित्रप्रकाराची ओळख जर ध्वनीने होत असेल, तर आपल्या आरंभीच्या चित्रपटांचा इतिहास अर्धाच हाती आहे. फाळक्यांच्या चित्रपटांची आज उपलब्ध असलेली रिळेही अपुरी आहेत. त्यांच्यापुढे कोणत्या पदांच्या चाली, कोणत्या क्रमाने वाजत, हे सांगणारी टाचणे त्याहून दुर्मिळ. गिरगाव, नाशिक, पुणे, कोल्हापूर येथील ज्या घरांत मूकपटांच्या पडद्याखाली पेटी किंवा तबला वाजविणारे कोणी होऊन गेले, त्या घरांतील मंडळींनी जुन्या ट्रंका एकदा उघडून पाहाव्यात; चालींच्या वह्या, खेळांची हस्तपत्रके, पगाराच्या पावत्या, जे काही सापडेल ते रद्दीत न घालता पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे, नाही तर निदान आपल्या गावच्या ग्रंथसंग्रहालयाकडे, नाव आणि साल लिहून सुपूर्द करावे.